हलकं पण घट्ट: सॅलडच्या क्रीमी ड्रेसिंगमधलं तेल कमी करताना नेमकं काय बिघडतं?

लेट्यूस, काकडी, टोमॅटो, थोडं किसलेलं गाजर असं सगळं मिळून दीडशे ग्रॅमचं सॅलड घेतलं, तर त्यात जेमतेम 30 कॅलरी भरतात. त्यावर मेयोनीजचं पांढरं, दाट ड्रेसिंग दोन मोठे चमचे ओतलं की त्या दोन चमच्यांच्याच 130-140 कॅलरी होतात. म्हणजे ताटलीत दिसतो तो सगळा भाजीपाला, आणि कॅलरी मात्र बहुतेक सगळ्या वरच्या पांढऱ्या थरात.

हे कळलं की माणूस साहजिकच दोन गोष्टी करून बघतो. एक तर 'लाइट' लिहिलेली बाटली आणतो, नाहीतर घरच्याच मेयोनीजमध्ये दूध किंवा पाणी घालून ते वाढवतो. दुसऱ्या प्रकारात हमखास पांढरं पाणी तयार होतं. ते पानांवर थांबत नाही, वाडग्याच्या तळाशी जाऊन बसतं, आणि चव अशी की त्यापेक्षा नुसतं लिंबू पिळलेलं बरं. मग 'हलकं म्हटलं की चव गेलीच' असं म्हणून आपण पुन्हा जुन्या बाटलीकडे वळतो.

हलकं ड्रेसिंग चविष्ट आणि घट्ट होऊ शकतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी तेल नुसतं काढून भागत नाही. ते तिथे कोणकोणती कामं करत होतं हे पाहून प्रत्येक काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावं लागतं. शिवाय थोडं तेल मुद्दाम ठेवावं लागतं. त्याचं कारण पुढे येईलच.

मेयोनीज एवढं घट्ट कशामुळे?

मेयोनीजमध्ये पिठासारखं दाटपणा आणणारं काहीच नसतं. असतं ते तेल, अंड्याचा बलक, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आणि मीठ. तेल पातळ, व्हिनेगर पातळ, बलकही वाहताच. तरी हे सगळं फेटलं की चमचा उभा राहील असा गोळा तयार होतो.

हे इमल्शन असतं. एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरून राहिले, की त्या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. इथे तेलाचे थेंब पाण्यात असतात. बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण करतात, म्हणून थेंब पुन्हा एकत्र येऊन तेलाचा तवंग होत नाही.

आता दाटपणा. खऱ्या मेयोनीजमध्ये साधारण 70 ते 80 टक्के तेलच असतं. सारख्या आकाराचे गोळे कितीही नीट रचले तरी जास्तीत जास्त 74 टक्के जागा व्यापतात, उरलेली फटींत जाते. म्हणजे मेयोनीजमध्ये तेलाचे थेंब एकमेकांना चेपून बसलेले असतात. खच्चून भरलेल्या बसमध्ये उभ्या माणसाला हातसुद्धा हलवता येत नाही, तशी या थेंबांची अवस्था असते. कोणालाच सरकायला जागा नाही, म्हणून सगळा गोळा जागच्या जागी राहतो.

मेयोनीजमध्ये पाणी किंवा दूध घातल्यावर काय होतं ते आता सांगायला नको. बस अर्धी रिकामी झाली, थेंब मोकळे फिरू लागले आणि ड्रेसिंग वाहायला लागलं. तेल निम्मं केलं म्हणून दाटपणा निम्मा होत नाही, तो एकदम कोसळतो. 'थोडंसंच तर पातळ केलं होतं' अशी तक्रार येते ती यामुळेच.

मग घट्टपणाचं काम कोणाला द्यायचं?

घरात सहज मिळणारं आणि या कामाला सगळ्यात लायक म्हणजे दही, आणि तेही पाणी काढलेलं, म्हणजे चक्का.

दह्याचा दाटपणा गर्दीमुळे येत नाही. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. दूध विरजलं की आम्लता वाढते, केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि त्यांची जाळी तयार होते. या जाळीत पाणी अडकून राहतं. फॅट फारसं नसतानाही दही चमच्याने कापता येतं ते या जाळीच्या जोरावर. एक ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी असतात, एक ग्रॅम प्रथिनात 4. शिवाय जाळीने धरून ठेवलेल्या पाण्यात शून्य. सगळं गणित तिथेच फिरतं.

पण साधं दही थेट वापरलं तर ड्रेसिंग पातळच होतं, कारण जाळी नाजूक असते आणि फेटताना मोडते. मीठ घातलं की आणखी पाणी सुटतं. म्हणून पाणी आधीच काढून टाकायचं. चाळणीवर स्वच्छ सुती फडकं पसरा, त्यात दही घाला, खाली भांडं ठेवा आणि हे सगळं फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच फडक्याखाली थेंब जमायला लागतात. नीट पाहिलंत तर ते पाणी पांढरं नसतं, फिकट हिरवट-पिवळं असतं. तो रंग दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. दोनेक तासांत ड्रेसिंगपुरतं पाणी निघून जातं. रात्रभर ठेवलं तर आकारमान जवळपास निम्मं होतं आणि चक्का इतका घट्ट होतो की उलट दूध घालून तो सैल करावा लागतो. मला रात्रभराचाच पसंत आहे. घट्ट गोष्ट हवी तेवढी पातळ करता येते, पातळ झालेली पुन्हा घट्ट करणं जिवावर येतं.

चक्का मिक्सरच्या भांड्यात घालून जोरात फिरवू नका. उरलीसुरली जाळीही तुटते आणि घट्ट चक्का बघता बघता ओघळायला लागतो. हाताच्या फेटणीने फेटा. थोडा पातळ झालाच, तर फ्रिजमध्ये दोन तास स्वस्थ ठेवा, बराचसा दाटपणा परत येतो.

गुळगुळीतपणा कुठून आणायचा?

क्रीमी लागणं आणि दाट असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पिठाची लापशी दाट असते, पण तिला कोणी क्रीमी म्हणत नाही. तोंडात कण खूप बारीक, गोल आणि मऊ असले की जिभेला ते सुटे कळत नाहीत, नुसता रेशमी मऊपणा जाणवतो. साधारण 20-30 मायक्रॉनच्या पुढचे कडक कण मात्र रवाळ लागायला लागतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हे कण फॅटचेच असले पाहिजेत असं नाही. 1990 साली अमेरिकेत सिम्प्लेस नावाच्या पदार्थाला मान्यता मिळाली. तो प्रथिनांचाच बनलेला होता, फक्त ती प्रथिनं तीनेक मायक्रॉनपर्यंतच्या इवल्याशा गोल कणांत बांधलेली होती. तेवढ्याने ती जिभेला सायीसारखी लागत होती. हलक्या ड्रेसिंगचं सगळं तत्त्व त्यात आलं.

घरात त्याचा अर्थ एवढाच की चक्क्यात गुठळी राहू द्यायची नाही. शंका असेल तर बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याने दाबून तो काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण फरक पहिल्याच घासाला कळतो.

काजू, अॅव्होकाडो, टोफू: हे पर्याय कसे?

काजू भिजवून वाटले की अप्रतिम क्रीमी ड्रेसिंग होतं. पण ते हलकं नसतं. 100 ग्रॅम काजूत साधारण 550 कॅलरी असतात. दुग्धजन्य पदार्थ टाळणाऱ्यांनी ते जरूर वापरावं, वजन कमी करायचं म्हणून वापरू नये. तिळाच्या पेस्टचंही तेच. अॅव्होकाडो मध्ये बसतो, 100 ग्रॅमला 160 कॅलरी. दही नको असेल आणि हलकंही हवं असेल, तर मऊ सिल्कन टोफू (म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं मऊसूत पनीर) किंवा शिजवलेल्या पांढऱ्या राजम्याची गुळगुळीत पेस्ट हे दोन चांगले मार्ग. कॉटेज चीज मात्र मिक्सरमध्ये चांगलं बारीक करावं लागतं, नाहीतर कण लागतात.

तेल शून्यच का करू नये?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण 'फॅट फ्री' हे शब्द ऐकायला फार छान वाटतात.

गाजर, टोमॅटो, पालक यांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. त्यातल्या काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, फॅटमध्ये विरघळतात. 2004 साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच माणसांना तेच सॅलड वेगवेगळ्या वेळी तीन ड्रेसिंगबरोबर दिलं होतं: एकात तेल शून्य, दुसऱ्यात 6 ग्रॅम, तिसऱ्यात 28 ग्रॅम. बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर खाल्ल्यावर कॅरोटिनॉइड रक्तात जवळजवळ पोचलीच नाहीत. 6 ग्रॅमबरोबर पोचली, 28 बरोबर आणखी जास्त. अभ्यासात माणसं मोजकीच होती, त्यामुळे 'इतकेच ग्रॅम तेल हवं' असा नियम त्यातून काढू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. ज्या भाज्यांसाठी सॅलड खायचं, त्यांच्यातलं चांगलं काही अंगी लागायला थोडी फॅट सोबत हवी.

ती सगळी ड्रेसिंगमधूनच यायला हवी असं नाही. उकडलेलं अंडं, मूठभर बिया, थोडं किसलेलं चीज यातूनही ती येते. पण सॅलडमध्ये यातलं काहीच नसेल, तर ड्रेसिंगमधलं तेल काढू नका, कमी करा. एवढ्या बाबतीत मी आग्रही आहे.

हलक्या ड्रेसिंगची चव तुटक का लागते?

लसूण, कांदा, मिरी, मोहरी, ओवा-पुदिन्यासारख्या सुगंधी पानांचा वास देणारी बरीच द्रव्यं तेलात विरघळणारी असतात. भरपूर तेल असलं की ती तेलात मुरून राहतात आणि खाताना हळूहळू सुटतात. तेल कमी असलं की तीच द्रव्यं पहिल्याच क्षणी एकदम बाहेर पडतात. आधी झणका बसतो, मग काहीच उरत नाही. आंबटपणाही उघडा पडतो, कारण त्याला झाकणारं फॅटचं अस्तर नसतं.

यावर तीन उपाय खरोखर लागू पडतात. मसाल्याची पानं आणि मिरी आधी त्या थोड्याशा तेलात घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, मग ते तेल चक्क्यात फेटायचं. म्हणजे जे काही तेल आहे ते वास धरायच्या कामी लागतं. दुसरं, ड्रेसिंग केल्या केल्या खायचं नाही, फ्रिजमध्ये निदान दोन तास मुरू द्यायचं. तिसरं, मोहरीची पेस्ट, मुरलेलं चीज किंवा थोडं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) यांपैकी काहीतरी घालायचं, म्हणजे चवीला बैठक मिळते.

लसणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हलक्या ड्रेसिंगची नासाडी बहुतेक वेळा तोच करतो. अख्ख्या पाकळीला उग्र वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की आतलं एक विकर (एन्झाइम) आणि त्याचा कच्चा माल एकत्र येतात आणि तिखट अॅलिसिन तयार होतं. जितकं बारीक वाटाल तितकं जास्त. पण हे विकर तीव्र आम्लात काम करत नाही. म्हणून पाकळी किसायची ती थेट लिंबाच्या रसात. वाटीत रस घ्या, त्यावर बारीक किसणी धरा आणि कीस सरळ रसात पडू द्या. दहा मिनिटांनी चव घेतली तर लसूण असतो, पण घशाला लागत नाही. मेयोनीजमध्ये भरपूर तेलामुळे लसणाचा उग्रपणा थोडा झाकला जातो, चक्क्यात तो झाकणारं कोणी नाही.

प्रत्यक्ष कृती

पाऊण कप, म्हणजे साधारण 180 ग्रॅम, घट्ट चक्का. एक मोठा चमचा तेल, वास आवडत असेल तर ऑलिव्हचं. एक मोठा चमचा लिंबाचा रस, त्यात लसणाची एक लहान पाकळी किसलेली. एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, अर्धा छोटा चमचा मीठ, मिरपूड, आवडीची बारीक चिरलेली पानं. सैल करायला दोन-तीन मोठे चमचे दूध किंवा ताक.

पानं आणि मिरी तेलात, लसूण रसात, दोन्ही दहा मिनिटं बाजूला. तोवर चक्का मीठ आणि मोहरीच्या पेस्टबरोबर गुळगुळीत फेटून घ्या. मग पानं-मिरीचं तेल बारीक धारेने घालत फेटा. एकदम ओतलं तर थेंब मोठे राहतात आणि तेल वर येतं. धार बारीक ठेवली की चक्क्यातली प्रथिनं थेंबांना वेढायला पुरतात, मोहरीची पेस्टही त्याला हातभार लावते. मग लिंबाचा रस, शेवटी चमचा चमचा दूध.

किती पातळ करायचं ते पानाला विचारा. लेट्यूसचं एक कोरडं पान ड्रेसिंगमध्ये बुडवून उभं धरा. खालच्या टोकाशी जाड थेंब जमून तो सावकाश सुटला आणि पानावर पातळ पांढरा थर राहिला, तर जमलं. पान हिरवंगार उघडं पडलं, तर पातळ झालं. ड्रेसिंग पानाला ओझ्यासारखं वाकवत असेल, तर अजून चमचाभर दूध घाला.

फुल फॅट दुधाच्या दह्याचा चक्का धरून हिशेब केला, तर अशा ड्रेसिंगच्या दोन मोठ्या चमच्यांत सुमारे 40 कॅलरी आणि 3 ग्रॅमच्या आसपास फॅट येते. मेयोनीजच्या ड्रेसिंगच्या तेवढ्याच चमच्यांत 130-140 कॅलरी आणि 14 ग्रॅमच्या घरात फॅट.

'दह्याचं कळतंच की!'

हो, कळतं. सवयीचं मेयोनीज सोडून थेट चक्क्यावर आलात तर जास्तच कळतं. त्यासाठी तेलाऐवजी दोन मोठे चमचे मेयोनीजच चक्क्यात मिसळा. मेयोनीजमधलं तेल आधीच बारीक थेंबांत बांधलेलं असतं, त्यामुळे थोडक्यात बरंच साधतं. दह्याच्या चवीला कुरकुरणारी मंडळीही हे मुकाट्याने खातात. कॅलरी थोड्या वाढतात, पण पूर्ण मेयोनीजच्या जवळपासही जात नाहीत.

आंबटपणा खुपत असेल तर आधी दही ताजं घ्या आणि लिंबू निम्मं करा. साखर घालायचा मोह होतो. चिमूटभर चालेल, पण आधी मीठ पुरेसं आहे का ते बघा. मीठ कमी असलं की आंबट जास्त आंबट लागतं.

'सॅलडमध्ये घातल्यावर पाणी पाणी होतं'

इथे बऱ्याचदा दोष पानांचा असतो. धुतलेली पानं ओली राहिली की प्रत्येक पानावरचं पाणी ड्रेसिंगमध्ये उतरतं. कोरड्या कापडात गुंडाळून पानं खरंच कोरडी करा. काकडी-टोमॅटोला मीठ लागलं की त्यांनाही पाणी सुटतं, म्हणून ड्रेसिंग वाढायच्या वेळीच मिसळा.

तरीही पातळ वाटलं तर झँथन गम नावाची पांढरी पूड मिळते. जिवाणूंच्या साह्याने साखर आंबवून ती बनवतात. अमेरिकेत 1969 पासून ती अन्नात वापरायला परवानगी आहे. कपभर ड्रेसिंगला चिमूटभर पुरते, आणि ती आधी तेलात कालवून मगच घालायची, नाहीतर गुठळ्या होतात. तिचा गुण असा की बरणी हलवली की ड्रेसिंग ओतता येतं आणि पानावर पडून थांबलं की ते पुन्हा दाट होतं. जास्त झाली तर मात्र बुळबुळीत लागतं.

'मग लाइटची बाटलीच का नको?'

घ्यायला हरकत नाही, पण मागची यादी वाचून घ्या. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेलाआधी पाणी आलं, पुढे स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच केलेली पूड), झँथन गम आले, तर तिथेही तेलाचं काम दुसऱ्यांना वाटून दिलंय इतकंच. त्यात काही गैर नाही. अडचण पुढची आहे. चव भरून काढायला साखर आणि मीठ बऱ्याचदा वाढवलेलं असतं. म्हणून 'लाइट' आणि साधी अशा दोन्ही बाटल्या शेजारी धरून साखर आणि सोडियमचे आकडे ताडून पाहा. दुसरं म्हणजे, आकडे एका वाढणीचे असतात. ती वाढणी बहुतेकदा दोन मोठ्या चमच्यांची असते, आणि आपण बाटली उलटी करून ओततो ते चमच्याने मोजत नाही.

किती दिवस टिकतं?

घरच्या ड्रेसिंगमध्ये टिकवणारं काही घातलेलं नसतं. लिंबू आणि दह्याची आम्लता मदत करते, पण ताजी पानं, लसूण आणि दूध यामुळे ते झाकणाच्या स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवलेलं बरं. बाहेर टेबलावर तासन् तास ठेवू नका, आणि वाडग्यात ओतून उरलेलं बरणीत परत घालू नका. एक-दोन दिवसांनी वर पाण्याचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, चक्क्यातलं उरलेलं पाणी सुटलंय. ढवळून घेतलं की पुन्हा एकजीव होतं. वास बदलला, बुडबुडे दिसले किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र वरवरचं काढून वापरू नका, सगळंच टाकून द्या.